डायरीतला उजवा रकाना

सकाळच्या ओव्हरमध्ये काय सांगायचं ते ठरलेलं असतं. कोणाची सलाईन संपत आली आहे, कोणाचं रक्त तपासणीला गेलंय, कोणाला उपाशीपोटी ठेवायचं आहे, रात्री कोणाचा बीपी उतरला, कोणती केस एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंदवायची आहे. रात्रपाळीची सिस्टर खाटेखाटेपाशी थांबून हे सांगते, सकाळपाळीची ऐकते, लिहून घेते, आणि थोड्या वेळात अख्ख्या वॉर्डाची जबाबदारी एकीकडून दुसरीकडे जाते. अकरा नंबरच्या आजींच्या मुलाशी पहाटे वादावादी झाली, तो तेव्हापासून जिन्यात घुश्शात बसलाय आणि त्याच्याशी आता कोणीच नीट बोलत नाहीये, हे मात्र ओव्हरमध्ये येत नाही. रजिस्टरला त्यासाठी रकानाच नाही.

मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात स्त्री वैद्यकीय कक्ष सांभाळणाऱ्या बाईंनी तो रकाना आपल्या डायरीत स्वतःच आखून घेतला. सरकारी कागदावर त्या परिसेविका, वॉर्डात सगळ्यांच्या तोंडी इन्चार्ज सिस्टर. डायरी साधीच, औषध कंपन्या नव्या वर्षाला वाटतात तसली. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे दिवसाची कामं: इमर्जन्सी ट्रे तपासणे, स्टोअरला इंडेंट, चादरी मोजून धोब्याकडे, डाएटची यादी, विद्यार्थिनींना केसेस वाटून देणे. उजवीकडे फक्त एक ओळ, आज आपण कसं वागायचं याची. ती ड्युटीवर येण्याआधी, चेंजिंग रूममध्ये उभ्याउभ्याच लिहायची.

वागण्याची शपथ परिचारिकांना काही नवी नाही. प्रशिक्षणाच्या काळात दिवे लावून ती घेतली जाते आणि दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, पुन्हा म्हटली जाते. शपथेला नाव नाइटिंगेल यांचं असलं तरी ती त्यांनी लिहिलेली नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या एका प्रशिक्षणशाळेत १८९३ साली लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ती तयार केली. शपथ आयुष्यभरासाठी आहे. मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, डॉक्टरांचा राउंड संपून एकदम सहा डिस्चार्ज निघालेले असताना, तिचं नेमकं काय करायचं हे मात्र तिच्यात लिहिलेलं नाही.

बाईंच्या सुरुवातीच्या ओळीही शपथेच्याच जातीच्या होत्या. ‘आज शांत राहायचं.’ ‘सकारात्मक राहायचं.’ ‘सगळ्यांशी प्रेमानं.’ लिहिताना बरं वाटायचं. पण डिस्चार्जचे कागद, फार्मसीची रांग, बिघडलेला सक्शन आणि ‘आमच्या पेशंटकडं कोणी बघतंय का?’ असं विचारत काउंटरवर आलेले चार नातेवाईक एकाच वेळी समोर उभे राहिले, की ओळ आठवायलाही फुरसत नसायची. दुपारी दोनला ओव्हर देऊन झाल्यावर डायरी उघडली की कळायचं, आज शांत राहायचं होतं.

यामागचं कारण मानसशास्त्रात चांगलं अभ्यासलेलं आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९०च्या दशकापासून एक साधा फरक दाखवून दिला आहे. ‘मला अमुक साधायचं आहे’ असं ठरवणं ही एक गोष्ट आणि ‘अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन’ असं ठरवणं ही दुसरी. दुसऱ्या प्रकारात प्रसंगच आठवण करून देतो, वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ साली अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ‘जेव्हा-तेव्हा’च्या साच्यातल्या ठरावांचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. नुसत्या इच्छेपेक्षा असे ठराव तडीस जाण्याची शक्यता बरीच जास्त होती.

बाईंनी हे संशोधन वाचून ओळी बदलल्या असं नाही. वॉर्डानेच त्या बदलायला लावल्या. ‘शांत राहायचं’च्या जागी आलं: ‘नातेवाईक काउंटरला आला की पेन खाली ठेवून वर बघायचं.’ ‘सगळ्यांशी प्रेमानं’च्या जागी: ‘मावशींना आधी नावानं हाक, मग काम.’ ‘राउंडमध्ये विद्यार्थिनीला सगळ्यांदेखत बोलायचं नाही, बोलायचं ते ड्रेसिंग रूममध्ये.’ ‘औषध देताना खाटेचा नंबर नाही, नाव.’

ही शेवटची ओळ विशेष आहे, कारण ती दोन्ही रकान्यांत बसते. औषध देण्याचे पाच नियम नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून पाठ करून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पहिलाच नियम रुग्ण ओळखण्याचा. नंबरावर विसंबलं की घोटाळा होतो, कारण दुपारी खाटा बदलतात, पंख्याखालची जागा मिळाली म्हणून पेशंट आपणहून सरकतात. नाव विचारणं ही सुरक्षिततेची पायरी आहेच. पण ‘बारा नंबर, हात पुढं करा’ आणि ‘शांताबाई ना? हात द्या बरं’ या दोन वाक्यांनी पेशंटच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो, तो पाच नियमांत कुठे लिहिलेला नाही.

वागणूक अशी कामाच्या यादीत घालता येते, याचा मोठा पुरावा शस्त्रक्रियागृहातून आला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी-यादी आणली. ती तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख होते शल्यचिकित्सक अतुल गवांदे. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गवांदे मूळचे महाराष्ट्रातल्या उटी गावचे. यादीत प्रतिजैविक दिलं का, रक्ताची सोय आहे का, शेवटी गॉज आणि सुया मोजल्या का, असे अपेक्षित मुद्दे आहेत. पण पहिला छेद घेण्याआधी एक वेगळाच मुद्दा येतो: टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगितलं का? ऐकायला शाळेतल्या ओळख परेडसारखं वाटतं. हेतू असा, की ज्याने एकदा तोंड उघडलं, तो पुढे काही चुकतंय असं दिसलं तर गप्प बसत नाही. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली आणि २००९च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोठ्या गुंतागुंतींचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं आणि मृत्यूंचं दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर. हे श्रेय एकट्या ओळख करून देण्याला देता येणार नाही, सगळ्या यादीचं ते फळ आहे. पण यादी करणाऱ्यांनी सुया मोजणं आणि नाव सांगणं एकाच कागदावर ठेवलं, हे महत्त्वाचं.

इंग्लंडमधल्या डॉ. केट ग्रेंजर यांनी हेच खाटेवरून पाहिलं. त्या स्वतः वृद्धांच्या आजारांच्या डॉक्टर. कर्करोग झाला आणि २०१३च्या ऑगस्टमध्ये त्या रुग्ण म्हणून दाखल होत्या. येणारे कितीतरी जण तपासत होते, सुया टोचत होते, पण आपलं नाव सांगत नव्हते. त्यांनी नवऱ्यासोबत मोहीम सुरू केली, तिचं नावच ‘हॅलो, माय नेम इज’. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत हजारो कर्मचाऱ्यांनी त्या शब्दांचे बिल्ले लावले. ग्रेंजर २०१६च्या जुलैमध्ये गेल्या, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. बाईंच्या उजव्या रकान्यात ही मोहीम मराठीत उतरली: ‘नवीन पेशंट आली की आधी माझं नाव सांगायचं.’ नव्या पेशंटला त्याची इतकी सवय नसते, की ती उलट विचारते, ‘का हो सिस्टर, काय झालं?’

सगळ्याच ओळी अशा सोप्या नव्हत्या. एक ओळ होती: ‘एका तरी पेशंटशी बसून बोलायचं.’ वॉर्डात बसणार कुठे? खाटेशेजारच्या स्टुलावर नातेवाईक, खाटेखाली त्यांची पिशवी आणि डबा. शिवाय इन्चार्ज बसलेली दिसली तर काम नाही असं वाटणार. पण नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहिलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये हेच सांगितलं आहे: रोगी बोलत असताना त्याला दिसेल असं बसा, घाई दाखवू नका, मान वळवायला लावू नका. त्याच्या पलंगावर मात्र बसू नका, पलंगाला टेकूही नका, कारण त्या धक्क्याने त्याला त्रास होतो. म्हणजे स्टूलच हवं. दीडशे वर्षांनंतर अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयात याची मोजणी झाली. मणक्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांशी डॉक्टर कधी उभे राहून, कधी बसून बोलले. दोन्ही वेळा प्रत्यक्षात लागली ती साधारण एक-दीड मिनिटं. पण डॉक्टर किती वेळ होते असं विचारल्यावर बसून बोललेल्यांच्या रुग्णांनी पाच मिनिटांहून जास्त सांगितलं, उभ्यांच्या रुग्णांनी चारहून कमी. २०१२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मिनिट तेच, पण रुग्णाच्या हिशेबात ते लांबतं. बाईंनी नातेवाईकाला म्हणायला सुरुवात केली, ‘दादा, जरा चहा पिऊन या, तोवर मी बसते इथं.’ नातेवाईकही खूश, कारण रात्रभर तो हललेला नसतो.

सर्वांत अवघड ओळ विषबाधेच्या केसेसची. ग्रामीण भागातल्या स्त्री वैद्यकीय कक्षात कीटकनाशक घेतलेल्या बायका, मुली येतात. वॉर्डाच्या भाषेत ‘औषध घेऊन आलेली’. आजूबाजूच्या खाटांवरून, नातेवाइकांकडून आणि खरं सांगायचं तर कर्मचाऱ्यांकडूनही तिच्यावर प्रश्नांचा मारा होतो. एवढं काय झालं होतं? लेकरांचा तरी विचार करायचा! बाईंची ओळ होती: ‘औषध घेऊन आलेल्या बाईला काय, किती, कधी हे विचारायचं. का, हे विचारायचं नाही.’ पहिल्या तीन प्रश्नांवर उपचार ठरतो. चौथा प्रश्न मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक विचारतील, आडोशाला, वेळ घेऊन. कायदाही आता याच बाजूने आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरून चालायचं असतं आणि तिला उपचार व पुनर्वसन देणं सरकारचं कर्तव्य ठरतं. वॉर्डात मात्र कायद्याआधी तोंडातलं वाक्य पोहोचतं. म्हणून ‘का’च्या जागी काय बोलायचं तेही बाईंनी ठरवून ठेवलं: ‘घसा दुखतोय का?’ नाकातून नळी घालून पोट धुतलेलं असतं, घसा दुखतोच. विचारणारं कोणी नसतं. यावर त्या बायका बहुधा बोलत नाहीत, मान हलवतात. पण दुसऱ्या दिवशी त्याच सिस्टरला हाक मारतात.

बेंजामिन फ्रँकलिन यांनीही अशी वही ठेवली होती. १७८४ साली लिहिलेल्या आत्मचरित्राच्या भागात ते ती पद्धत सांगतात: १३ सद्गुणांची यादी, आठवड्याला एक गुण, जिथे चुकलं तिथे काळी खूण. दिवसाच्या वेळापत्रकात सकाळी आज काय चांगलं करायचं आणि रात्री काय चांगलं केलं, हे दोन प्रश्न. यादी आधी १२ गुणांची होती. आपण गर्विष्ठ वाटतो असं एका क्वेकर मित्राने सांगितल्यावर नम्रता तेरावी आली. आणि फ्रँकलिनना सर्वांत जड गेला तो गुण होता नीटनेटकेपणा, वस्तू जागच्या जागी ठेवण्याचा. बाईंनी काळ्या खुणा मात्र ठेवल्या नाहीत. जमलं तर टिक, नाही तर कोरं, आणि तीच ओळ दुसऱ्या दिवशी पुन्हा. चुका मोजायला रुग्णालयात आधीच पुष्कळ कागद आहेत, हे त्यांचं त्यावरचं म्हणणं.

काही ओळी काळाने उजवीकडून डावीकडे गेल्या. नाव विचारणं आता लिहावं लागत नाही, ते ट्रॉलीबरोबरच चालतं. वृत्ती आणि काम यांच्यातली रेघ मुळातच कच्ची असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग यांची शुश्रूषा सुमारे ४२ वर्षं चालली. त्या तिथल्याच परिचारिका. १९७३च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, त्या अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन झालं. मधल्या काळात परिचारिकांच्या किती पिढ्या बदलल्या, पण भरवणं, पुसणं, कूस बदलणं थांबलं नाही आणि त्यांच्या अंगाला जखमा होऊ दिल्या नाहीत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, तो या कामाच्या आधारावर. या शुश्रूषेत माया किती आणि ड्युटी किती, हे कोणत्या रेघेने वेगळं करणार?

गोष्ट इथवर आली की कोणाच्या तरी डोक्यात येतंच, की हे सगळ्यांना लावावं. बाईंच्या ओळखीच्या एका रुग्णालयात तसं झालं. छापील फॉर्म आला, ‘आजचा माझा संकल्प’, खाली सही आणि वेळ. आठवड्याभरात फॉर्मवर तीनच संकल्प फिरू लागले: हसतमुख राहीन, वेळेवर येईन, रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा. महिन्याच्या शेवटी एकाच हस्ताक्षरात सगळे फॉर्म भरलेले. यात कर्मचाऱ्यांचा आळस पाहणं सोपं आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३च्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात हवाई सुंदरींचा अभ्यास करून दाखवलं, की हसू हा नोकरीचा भाग झाला की त्याचंही श्रमात रूपांतर होतं. ते श्रम थकवतात, आणि आपल्याला खरं काय वाटतंय हेच माणसाला कळेनासं होतं. साहेबांनी मागितलेलं हसू आणि आपण ठरवून वर बघितलेली नजर बाहेरून सारखी दिसली, तरी आत त्यांचा हिशेब वेगळा लागतो.

या रकान्याचा दुसरा धोका जास्त मोठा आहे. माणसं कमी असली की वृत्तीवर बोट ठेवणं सोयीचं जातं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात दर तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी आणि इतर रुग्णालयांत दर पाच रुग्णांमागे एक. डेंग्यूच्या दिवसांत जमिनीवर गाद्या टाकलेल्या असतात, आणि रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात एक सिस्टर आणि एक मावशी. त्या रात्री ‘बसून बोलायचं’ ही ओळ लिहिणं क्रूर आहे. बाई अशा दिवसांत उजवीकडे दुसऱ्याच प्रकारची ओळ लिहितात: ‘मॅट्रनना कमी स्टाफचं लेखी द्यायचं.’ वागण्याचाच भाग आहे तो. स्वतःशी नीट वागण्याचा आणि पेशंटशीही. रिक्त पदांचं ओझं कोणाच्या हसऱ्या चेहऱ्याने हलकं होत नाही, आणि तसं सांगणाऱ्या प्रशिक्षण शिबिराला बसलेल्या परिचारिकांनी हे तिथेच बोलून दाखवायला हवं.

म्हणून या पद्धतीची व्याप्ती छोटीच ठेवलेली बरी. दिवसाला एकच ओळ. ती भावनेची नसावी, कारण राग येणं आपल्या हातात नसतं. तोंडून निघणारं वाक्य, हातातलं पेन, नजर, बसणं-उठणं एवढंच हातात असतं. ओळ रोज होणाऱ्या एखाद्या कामाला बांधलेली असावी, म्हणजे ते काम आलं की ती आपोआप समोर येते. आणि जिथे आपण रोज चिडतो, तिथलीच ती असावी. बाकी दिवसभर आपण बहुतेक बरेच वागत असतो.

बँकेच्या काउंटरला, शाळेच्या स्टाफरूममध्ये, तहसीलच्या टेबलावर किंवा घरी म्हाताऱ्या सासऱ्यांची औषधं सांभाळताना हे करून बघण्यासारखं आहे. उद्याच्या कामांच्या यादीशेजारी एक उभी रेघ ओढा आणि पलीकडे एक ओळ लिहा. ती तुमची तुम्हीच लिहा. वरिष्ठांनी लिहून दिलेली घेऊ नका, आणि हाताखालच्या कोणाला लिहूनही देऊ नका.